तरुणाच्या छातीतील गाठ : रिपोर्टवर ‘कर्करोग’ असे छापून आले, तरी निदान पुरे झालेले नसते

रामबागकर

नमस्कार. मी इंदूरचाच, रामबागेतला. वैद्यकाशी माझा काहीही संबंध नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली. गेल्या वर्षी माझा तेवीस वर्षांचा भाचा छातीतील गाठीने गेला. त्या आठ महिन्यांत निदान नावाची गोष्ट कशी सरकते, कुठे अडते आणि कुणी नेमका प्रश्न विचारला म्हणजे सुटते, हे मला फार जवळून दिसले. ते विसरण्याआधी लिहून ठेवावे, आणि इथे जे डॉक्टर मंडळी आहेत त्यांनी माझ्या चुका दुरुस्त कराव्यात, एवढ्यासाठी हा धागा.

चैत्रात त्याला कोरडा खोकला सुरू झाला. वजन चार किलोने उतरले, संध्याकाळी कणकण येई. एक्सरेमध्ये छातीच्या मध्यभागी रुंद सावली आणि डाव्या बाजूला थोडे पाणी दिसले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, सीबीनॅट, म्हणजे त्या जंतूंची जनुके शोधणारी चाचणीही नकारात्मक आली. तरीही वय, ताप, वजन आणि छातीतले पाणी एवढ्यावरून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. लघवी केशरी होऊ लागली तेव्हा औषध लागू पडते आहे असे आम्ही समजलो. तो नुसता रिफाम्पिसिनचा रंग असतो, हे नंतर कळले.

पाचव्या आठवड्यात ताईच्या लक्षात आले की तो सकाळी उठतो तेव्हा त्याचे डोळे सुजलेले असतात आणि टी-शर्ट डोक्यातून काढताना गळ्याशी अडतो. वैशाखातले दिवस होते. तिला वाटले ऊन बाधले, म्हणून तिने चार दिवस पन्हे दिले. मग एका रात्री तो तीन उशा पाठीशी घेऊन बसून झोपलेला दिसला आणि मानेवरच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाले. दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत, जिला डॉक्टर मिडियास्टिनम म्हणतात, अकरा सेंटिमीटरची गाठ होती आणि तिने डोके-हातांकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर दाबली होती.

तुकडा काढला. रिपोर्ट आला : ‘पुअरली डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा’. मुलाने जन्मात विडी ओढली नव्हती. तेवीस वर्षांच्या, तंबाखूला न शिवलेल्या मुलाला हा म्हाताऱ्या धूम्रपान करणाऱ्यांचा कर्करोग कसा होतो, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नाही. तो सुचायला आणखी तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांबद्दलच मला बोलायचे आहे.

कृष्णपुरा

रामबागकर, प्रथम तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि याच शहरात काम करतो, म्हणून थोडे आमच्या बाजूचेही लिहितो. आपल्याकडे पंचविशीच्या आतल्या माणसाला ताप, खोकला आणि छातीत पाणी असेल, तर दहापैकी बहुतेक वेळा तो क्षयच निघतो. तेव्हा क्षयाचा विचार करण्यात मूर्खपणा नाही. चूक पुढे होते. पुरावा नसताना सुरू केलेला कोर्स हा एक अंदाज असतो, त्याला मुदत लागते, आणि ती मुदत कुणी ठरवतच नाही. दोन-तीन आठवड्यांत ताप आणि वजन यांत काहीच फरक नसेल, किंवा सावली वाढली असेल, तर ‘औषधाला वेळ द्या’ हे उत्तर चालत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे छातीतल्या पाण्याची एडीए, म्हणजे त्यातले एक विकर मोजणारी, चाचणी. ती ४० च्या वर आली की रिपोर्टखाली टीबीच्या बाजूचा शेरा लिहून येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण लिम्फोमातही, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगातही, एडीए वाढते, कधी कधी फार वाढते. ते पाणी फेकून न देता त्याच्या पेशी तपासायला पाठवाव्यात, आणि त्यातला गाळ मेणात बसवून त्याचा सेल ब्लॉक करून घ्यावा. पुष्कळ वेळा निदान त्या पाण्यातच मिळते आणि सुई आत घालावीच लागत नाही.

सकाळी सुजणारा चेहरा, घट्ट होणारी कॉलर, आडवे पडल्यावर कोंडणारा श्वास, छातीवर उमटणाऱ्या निळ्या शिरा : यांतले काहीही तरुण माणसात दिसले तर त्याच दिवशी शिरेतून काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचे द्रव्य) देऊन सीटी व्हायला हवे. अशा रुग्णाला बायोप्सीसाठी पूर्ण भूल देऊन उताणा झोपवणे हीसुद्धा जोखीम असते, कारण स्नायू सैल पडले की गाठीचे वजन श्वासनलिकेवर येते. म्हणून मोठी गाठ असेल तेव्हा आम्ही जागा बधिर करून, अर्धवट बसलेल्या स्थितीत तुकडा घेतो, किंवा गळ्यात-काखेत एखादी वरची गाठ हाताला लागते का ते आधी पाहतो. घरच्यांना वाटते डॉक्टर टाळाटाळ करतो आहे. टाळाटाळ नसते ती.

मालवमंजिरी

कृष्णपुरा यांनी लिहिलेले वाचताना अंगावर काटा आला. माझी मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिला धाप लागे, छातीत शिट्टी वाजे. दम्याचा पंप दिला, तो पुरेना तेव्हा डेक्साची, म्हणजे स्टेरॉइडची, इंजेक्शने आणि नंतर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ती इतकी बरी दिसू लागली की आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. दहा दिवसांनी धाप परत आली, स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि तुकडा काढला. तर रिपोर्टमध्ये एवढेच, की पेशी मेलेल्या आहेत, निदान करता येत नाही.

स्टेरॉइड हे लिम्फोमावरचे औषधही आहे, हे मला त्या दिवशी समजले. औषधाने गाठीचा वरचा थर मारला होता आणि नेमका तोच सुईत आला होता. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, अधिक खोलवर बायोप्सी करावी लागली. तेव्हा कळले की हा प्रायमरी मिडियास्टिनल लार्ज बी-सेल लिम्फोमा आहे, जो तरुण स्त्रियांत अधिक आढळतो. उपचार रुग्णालयात राहून घ्यावे लागले, एकेका खेपेला औषध चार दिवस सतत ठिबकत असे. या उपचारपद्धतीवर २०१३ साली अमेरिकेत ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यात पाच वर्षांनंतर आजार परत न आलेल्यांचे प्रमाण ९३ टक्के होते, ही ओळ आमच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिली होती. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. मुलगी आता नोकरी करते.

रामबागकर, मी हे सुखाची गोष्ट म्हणून सांगत नाही. तुमच्या भाच्याची आणि माझ्या मुलीची पहिली सीटी शेजारी ठेवली असती, तर बहुधा सारखीच दिसली असती. म्हणून सांगते.

एक_वाचक

थोडा कठोर प्रश्न विचारतो, राग नसावा. रामबागकरांच्या भाच्याचा आजार जर असाध्यच होता, तर त्याचे अचूक नाव तीन आठवडे आधी कळून काय फरक पडला असता? इतक्या दुर्मीळ आजारांच्या मागे सामान्य कुटुंबाने पैसा आणि वेळ घालवावा का?

रामबागकर

राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत असे. भाच्याच्या आजाराचे नाव नट कार्सिनोमा. सुक्यामेव्याशी त्याचा संबंध नाही. ती एका प्रथिनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. निदान झाल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितले की, नोंद झालेल्या रुग्णांत निम्मे लोक साधारण सहा-सात महिन्यांच्या आत जातात. तसेच झाले.

तरीही तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, निदानापूर्वी तो आजार नट कार्सिनोमा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्या सावलीत चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असू शकत होते आणि त्यांतले किमान तीन पूर्ण बरे होणारे होते. घाई या नावासाठी नव्हती, इतर नावांसाठी होती. मालवमंजिरी यांच्या मुलीला चुकून आमच्याचसारखे ‘स्क्वेमस’ म्हणून औषध दिले असते तर? आणि आमच्या बाबतीतही, नाव कळल्यावर निरुपयोगी औषधाचा तिसरा डोस तरी टळला. शेवटचे चार महिने तो घरी, ताईच्या हातचे खात राहिला.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शिक्षण इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजमध्ये, सध्या बाहेरगावी. हा धागा माझ्याच टेबलावरचा असल्याने जरा लांबण लावतो.

‘पुअरली डिफरन्शिएटेड’ याचा सरळ मराठी अर्थ असा, की पेशींनी आपली ओळख पुसून टाकली आहे. सत्तरीच्या माणसात हे शब्द चालतात, कारण उपचार फारसे बदलत नाहीत. तीस-पस्तिशीच्या आतल्या रुग्णाच्या छातीतल्या गाठीवर हे शब्द आले, तर तो अर्धा रिपोर्ट समजावा. उरलेला अर्धा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतून, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना रंगवणाऱ्या चाचण्यांतून, लिहायचा असतो.

रामबागकरांच्या भाच्याच्या बाबतीत सापळा नेमका कुठे होता ते सांगतो. नट कार्सिनोमाच्या पेशी पी-४० आणि पी-६३ या रंगांना सकारात्मक असतात. हेच रंग स्क्वेमस कर्करोगाची खूण मानले जातात. शिवाय त्या एकसारख्या, गोल, लहान पेशींच्या मध्येच कधी कधी केराटिनचा (त्वचा-नखांतल्या प्रथिनाचा) गुलाबी पुंजका अचानक उमटतो; आधीच्या पायऱ्या नाहीत, एकदम वरची गच्ची. घाईत पाहणारा तो पुंजका बघून ‘स्क्वेमस’ लिहून मोकळा होतो. सावकाश पाहणाऱ्याला त्या ‘एकदम’पणाचाच संशय येतो. मीही एकदा घाईत पाहिले आहे, म्हणून हे अधिकाराने लिहितो.

नट हे प्रथिन निरोगी शरीरात जवळजवळ फक्त वृषणातल्या पेशींत असते. ते छातीत दिसणे म्हणजे गुणसूत्रांची मोडतोड झाल्याची खूण. १९९१ मध्ये छातीतल्या थायमस ग्रंथीच्या एका कर्करोगात पंधराव्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राची अदलाबदल नोंदली गेली. २००३ मध्ये क्रिस्टोफर फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सांध्यावरचे जनुक शोधले : बीआरडी-४ हे जनुक नटला जाऊन चिकटलेले होते. हे जोडप्रथिन पेशीला वयात येऊच देत नाही, ती कायम वाढत्या बाल्यावस्थेत अडकते. म्हणून ही गाठ आठवड्यांच्या हिशेबाने वाढते. २००९ मध्ये या प्रथिनाला रंगवणारे प्रतिपिंड आले. निम्म्याहून अधिक पेशींच्या केंद्रकात ठिपकेदार रंग दिसला तर निदान पक्के मानतात. सुमारे ८७ टक्के रुग्ण या एका रंगाने सापडतात. बाकीच्यांसाठी फिश (गुणसूत्रांवर चमकणारी खूण लावून मोडतोड शोधणारी चाचणी) किंवा जनुकीय चाचणी करावी लागते. एका काचेवरचा एक रंग, एक-दोन दिवसांचे काम. अडचण एवढीच, की हा रंग प्रत्येक गावच्या लॅबमध्ये नसतो आणि मागितल्याशिवाय कुणी लावत नाही.

आता एक_वाचक यांच्यासाठी, बरे होणाऱ्या आजारांबद्दल. तरुण पुरुषाच्या छातीत पुढच्या बाजूला गाठ असेल, तर बायोप्सीच्याही आधी रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच हे मार्कर, म्हणजे गाठीची खूण देणारे पदार्थ, पाहिलेच पाहिजेत. जननपेशींच्या गाठी वृषणाबाहेर, मिडियास्टिनममध्येही होतात. यांतले पहिले दोन मार्कर प्रचंड वाढलेले असतील आणि रुग्ण गुदमरत असेल, तर तुकड्याची वाट न पाहता सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित उपचार सुरू करता येतात. या औषधाच्या मिश्रणाने वृषणाचा पसरलेला कर्करोगही बरा होतो, हे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७७ मध्ये दाखवले. छातीतल्या सेमिनोमाचे (जननपेशींच्या गाठींचा एक प्रकार) दहापैकी सुमारे नऊ रुग्ण वाचतात. दुसऱ्या प्रकारात, ज्यात एएफपी वाढते, तिथे निम्म्याच्या आसपास. मात्र एक सावधगिरी हवी : एएफपी थोडेसे वाढलेले क्वचित नट कार्सिनोमातही आढळते, म्हणून किरकोळ आकड्यावर उडी मारू नये.

लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा हा किशोरवयीन मुलांतला. तो दिवसांच्या हिशेबाने वाढतो, छातीतल्या पाण्याच्या नमुन्यातून फ्लो सायटोमेट्रीने (सुट्या, ताज्या पेशी एकेक करून ओळखणाऱ्या चाचणीने) त्याचे निदान होऊ शकते, आणि तो बरा होणारा आहे. फासळीला धरून वाढणारी, दुखणारी गाठ असेल तर यूइंग (तरुणांतला हाडांचा व मऊ ऊतींचा कर्करोग) कुळातली अॅस्किन गाठ आठवावी; अॅस्किन आणि रोसाय यांनी ती १९७९ मध्ये वर्णिली. चाळिशीच्या आसपासच्या, भरपूर धूम्रपान करणाऱ्या माणसात स्मार्का-४ हे प्रथिन हरवलेली एक गाठ असते. तीही अशीच ओळख पुसलेली आणि तितकीच उग्र.

हे सगळे रंग लावायला मांस लागते. बारीक सुईने शोषून घेतलेल्या चार थेंबांत हे होत नाही. जाड सुईने चार-सहा तुकडे घ्यावेत, बहुतेक फॉर्मेलिनमध्ये ठेवावेत आणि लिम्फोमाचा संशय असेल तर एखादा सलाइनमध्ये ताबडतोब लॅबला पोहोचवावा. सगळे फॉर्मेलिनमध्ये टाकले की फ्लो सायटोमेट्रीचा दरवाजा बंद होतो.

मालवमंजिरी

सूक्ष्मदर्शी, एक व्यवहारातला प्रश्न. आपल्याकडे डॉक्टरांना ‘हा रंग लावला का’ असे विचारले की त्यांना ते अपमानास्पद वाटते. मग घरच्यांनी विचारायचे तरी कसे?

सूक्ष्मदर्शी

रोगाचे नाव सुचवू नका. इंटरनेटवरून छापलेला कागद पुढे केला की समोरच्याचे कान बंद होतात, माझेही होतात. वय आणि विडी-तंबाखू नसणे, हे दोनच मुद्दे पुढे ठेवा : ‘डॉक्टरसाहेब, मुलगा तेवीसचा आहे, व्यसन नाही, तर या वयात हा प्रकार आढळतो का, की आणखी काही रंग लावून पाहावे लागतील?’ या प्रश्नात आव्हान नाही, पण उत्तर देताना कुणालाही स्लाइड पुन्हा एकदा भिंगाखाली घ्यावीशी वाटेल. पॅथॉलॉजिस्टला थेट भेटायला मिळाले तर जरूर भेटा. आम्हांला महिनोन्‌महिने एकही रुग्ण भेटत नाही. चिठ्ठीवर ‘मिडियास्टिनल मास, प्लीज रिपोर्ट’ एवढेच असते; वयाचा रकानाही कधी कधी रिकामाच असतो.

कृष्णपुरा

याला माझा दुजोरा. चिठ्ठीवर वय, लक्षणे किती आठवड्यांची, मार्करचे आकडे आणि स्टेरॉइड दिले असल्यास त्याची तारीख, एवढे आम्ही लिहिले तरी अर्धे गैरसमज टळतील. आळस आमचा आहे.

रामबागकर

आमच्याकडे तो प्रश्न घरच्या कुणी विचारलाच नाही. तो विचारला ताईच्या शेजारणीच्या सुनेने, जी एका लॅबमध्ये स्लाइड रंगवते. ती म्हणाली, ‘मामा, दुसरे मत घ्या आणि नुसत्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉक मागा.’ ब्लॉक म्हणजे काय हेच मला माहीत नव्हते. लॅबच्या खिडकीवर आधी फक्त दोन काचा मिळाल्या. अर्ज लिहून दिल्यावर तिसऱ्या दिवशी ब्लॉक मिळाला. खोडरबराएवढा मेणाचा चौकोन, मागे प्लॅस्टिकची जाळी, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. आणि मेणात शेवयांच्या तुकड्यांसारखे तीन पांढरट धागे, म्हणजे बायोप्सीत काढलेले मांस. भाच्याचे सगळे भवितव्य त्या तीन धाग्यांत होते, पण त्या वेळी मला फक्त नंबर जुळतो की नाही याची काळजी होती. रिपोर्टवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर खिडकीवरच जुळवून घ्यावा, हे मी प्रत्येकाला सांगेन. आमच्या पहिल्या पाकिटात शेवटचा आकडा वेगळा होता.

संध्याकाळी मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पकडली. ताईने ब्लॉक रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला होता, आणि रात्रभर तो डबा माझ्या उशाखाली होता. ऐन मे महिना; मेण वितळेल या भीतीने मी दोनदा उठून डबा उघडून पाहिला. सकाळी मुंबई सेंट्रलहून टॅक्सीने परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो. काही दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात नटचा रंग ‘डिफ्यूज पॉझिटिव्ह’ असा शब्द होता.

एक_वाचक

माझा आधीचा प्रश्न मी मागे घेत नाही, पण उत्तर पटले. एक शंका : मे महिन्यात मेण खरेच वितळू शकते का?

सूक्ष्मदर्शी

आमच्या मेणाचा वितळण्याचा बिंदू ५६ ते ६० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे इंदूरच्या उन्हाळ्यात पिशवीतला ब्लॉक सुरक्षित असतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मात्र ठेवू नये. फ्रीजची गरज नाही. कापसात गुंडाळून कडक डब्यात ठेवणे उत्तम, तेव्हा तुमच्या ताईंनी केले तेच योग्य होते.

रामबागकर, एक विचारायचे होते. तो ब्लॉक आता कुठे आहे?

रामबागकर

ताईच्या कपाटात, त्याच डब्यात. मुंबईहून परत मिळाला, तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

शक्य झाल्यास तो मूळ लॅबला परत करावा आणि सोबत मुंबईच्या रिपोर्टची प्रत द्यावी. लॅबच्या नोंदवहीत अजून ‘स्क्वेमस’च लिहिलेले असेल. ब्लॉक अनेक वर्षे टिकतो, पण खरी गरज त्या प्रतीची आहे : ज्याने पहिला रिपोर्ट लिहिला त्याला आपले काय हुकले ते सहसा कळतच नाही. एकदा कळले की पुढच्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या वेळी तो नटचा रंग स्वतःहून मागवेल.

रामबागकर

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. ताईशी बोललो. डबा ती ठेवून घेणार आहे, ब्लॉक आणि झेरॉक्स मी सोमवारी खिडकीवर नेऊन देतो. नंबर जुळवून पोच घेईन.